कान-बर्लिनमधला ‘चर्चचा पुरस्कार’: तो कोण देतं, कशाला देतं आणि कसा ठरतो

१९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘दो आँखें बारह हाथ’ला दोन वेगवेगळ्या ज्युरींनी पुरस्कार दिले. एक ज्युरी महोत्सवाची स्वतःची. हॉलिवुडचे दिग्दर्शक फ्रँक काप्रा तिचे अध्यक्ष होते, आणि तिने व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाला रौप्य अस्वल दिलं. (सुवर्ण अस्वल त्या वर्षी बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ने नेलं.) दुसरा पुरस्कार होता ‘ओसीआयसी’चा. शांतारामबापूंच्या गौरवांच्या यादीत ही अक्षरं हमखास सापडतात, पण ती कशाची हे सांगायला सहसा कुणी थांबत नाही.

ओसीआयसी ही कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपटसंस्था होती. म्हणजे आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली, ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली गोष्ट चर्चशी जोडलेल्या परीक्षकांनी उचलून धरली. गोष्टीत क्रूस नाही, पाद्री नाही, बायबल नाही. सहा खुनी कैदी आहेत, एक उजाड माळ आहे आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा जेलर आहे. त्याआधी दोनच वर्षं, १९५६ साली, कान महोत्सवात याच संस्थेने ‘पथेर पांचाली’चा विशेष उल्लेख केला होता. तिथेही चर्च औषधालासुद्धा नाही.

‘चर्चचा पुरस्कार’ म्हटलं की येशूवरचा किंवा संतांवरचा सिनेमा डोळ्यांसमोर येतो. दुसरा समज असा, की हा सोज्वळ, ‘सहकुटुंब पाहावा’ अशा सिनेमाचा पुरस्कार असणार. गेल्या पन्नास वर्षांच्या विजेत्यांची यादी काढली तर दोन्ही समज टिकत नाहीत. आधी तो महोत्सवात बसतो कुठे, ते पाहू.

मोठ्या महोत्सवात एकच ज्युरी नसते. अधिकृत ज्युरी महोत्सव नेमतो. कानचं पाम द’ऑर, बर्लिनचं सुवर्ण अस्वल, व्हेनिसचा सुवर्ण सिंह ही पारितोषिकं तिच्या हातात. तिच्या बाजूला स्वतंत्र ज्युरी असतात. त्या बाहेरच्या संस्था नेमतात. महोत्सव त्यांना प्रवेशपत्रं देतो, खेळ पाहू देतो, पण त्यांच्या निर्णयात त्याचा हात नसतो. सगळ्यांत परिचित स्वतंत्र ज्युरी म्हणजे जगभरच्या समीक्षकांच्या संघटनेची, फिप्रेस्कीची. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार अधिकृत ज्युरीने दिला आणि फिप्रेस्कीचा पुरस्कार समीक्षकांनी. एकच चित्रपट, एकच महोत्सव, दोन वेगळी दारं. चर्चची ज्युरी ही अशाच एका दारामागे बसलेली असते.

तिचं आजचं नाव एक्युमेनिकल ज्युरी. ‘एक्युमेनिकल’ म्हणजे ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन केलेलं. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ही दोन वेगळी घरं आहेत हे सांगायला नको. या ज्युरीत दोन्ही घरांची माणसं एका टेबलाशी बसतात. कॅथलिकांच्या बाजूने सिग्निस ही संस्था परीक्षक पाठवते. २००१ साली ओसीआयसी आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीसाठी काम करणारी ‘उंडा’ या दोन संस्था एकत्र होऊन ती तयार झाली. दुसऱ्या बाजूला इंटरफिल्म, स्थापना १९५५, पॅरिस. तिच्यात प्रॉटेस्टंटांबरोबर अँग्लिकन आणि ऑर्थोडॉक्स मंडळीही आहेत. ‘एक्युमेनिकल’ आणि ‘आंतरधर्मीय’ यांत मात्र गल्लत करू नये. आंतरधर्मीय ज्युरीत ख्रिस्ती माणसांबरोबर ज्यू, मुस्लिम असे परीक्षकही असतात. स्वित्झर्लंडमधल्या न्यों इथल्या माहितीपट महोत्सवात २००५ पासून अशी ज्युरी आहे. आपल्याकडच्या बातम्यांत दोन्हींचं भाषांतर ‘सर्वधर्मीय’ असं होतं. एक्युमेनिकल ज्युरीपुरतं ते चूक आहे.

चर्च आणि सिनेमा यांचं नातं पुरस्कारापासून सुरू झालं नाही. ते सुरू झालं संशयापासून. ओसीआयसी १९२८ मध्ये हेगला स्थापन झाली. त्यानंतर काही वर्षांत अमेरिकेत कॅथलिकांची ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ उभी राहिली. ती चित्रपटांना श्रेण्या लावायची, आणि सगळ्यांत खालची श्रेणी म्हणजे थेट ‘निषिद्ध’. १९३६ मध्ये पोप अकरावे पायस यांनी सिनेमावर एक परिपत्रकच काढलं आणि या मोहिमेची पाठ थोपटली. हा सगळा पहारेकऱ्याचा पवित्रा: काय पाहू नये, ते सांगायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसीआयसीने महोत्सवांत ज्युरी बसवायला सुरुवात केली तेव्हा प्रश्न उलटा झाला: काय पाहावं, आणि का? दिसायला छोटा वाटणारा हा बदल खरं तर फार मोठा होता. नको ते बाजूला काढायला सिनेमाची जाण फारशी लागत नाही, यादी पुरते. वीस चित्रपटांतून एक निवडून कारण द्यायचं तर सिनेमा कळावा लागतो.

आणि सिनेमा कळणारी माणसं बसवली की ती अडचणीत आणणारच. १९६८ साली व्हेनिसला ओसीआयसीच्या ज्युरीने इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीच्या ‘तेओरेमा’ला पुरस्कार दिला. एक अनोळखी पाहुणा मिलानच्या श्रीमंत घरात येतो, घरातल्या प्रत्येकाशी, मोलकरणीपासून मालकापर्यंत, त्याचा शरीरसंबंध येतो आणि तो गेल्यावर प्रत्येकाचं आयुष्य विस्कटतं, अशी ही गोष्ट. इटलीत या चित्रपटावर अश्लीलतेचा खटला चालला. व्हॅटिकनची नाराजी ओढवली आणि संस्थेला त्या निवडीपासून अंतर राखावं लागलं. चारच वर्षांपूर्वी त्याच पाझोलिनीच्या, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानावरच्या चित्रपटाला ओसीआयसीचाच पुरस्कार मिळाला होता, तेव्हा सगळे खूश होते. ‘तेओरेमा’च्या पुढच्याच वर्षी बर्लिनला ओसीआयसीचा पुरस्कार ‘मिडनाइट काउबॉय’ला गेला. अमेरिकेत हा चित्रपट ‘एक्स’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र घेऊन प्रदर्शित झाला होता. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर देहविक्रय करू पाहणारा तरुण आणि त्याचा आजारी, लंगडा मित्र यांच्यातली माया परीक्षकांना दिसली. बाहेरच्यांना फक्त प्रमाणपत्र दिसलं.

याच काळात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चमध्ये मोठे बदल घडवणारी बिशपांची सभा) पंथांमधल्या भिंती थोड्या खाली आल्या होत्या. बर्लिनमध्ये इंटरफिल्मची ज्युरी १९६३ पासून होतीच, म्हणजे एकाच महोत्सवात कॅथलिकांचा पुरस्कार वेगळा, प्रॉटेस्टंटांचा वेगळा. दोन्हीकडचे निकष जवळपास सारखे असताना हे दुहेरी संसार कशाला, असा विचार पुढे आला. पहिली संयुक्त ज्युरी १९७३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोला बसली, १९७४ मध्ये कानला. माँट्रियल १९७९, बर्लिन १९९२, कार्लोवी व्हारी १९९४. बर्लिनला इतका उशीर का लागला हे एक कोडंच वाटतं, कारण दोन्ही चर्च सिनेमाच्या बाबतीत सगळ्यांत जास्त संघटित होती ती जर्मनीतच.

कानच्या पहिल्या एक्युमेनिकल पुरस्काराचा मानकरी पाहिला की निकष आपोआप कळतात. तो होता जर्मन दिग्दर्शक फासबिंडरचा ‘फिअर ईट्स द सोल’. म्युनिकमध्ये साफसफाईचं काम करणारी एमी नावाची साठीची विधवा आणि तिच्याहून कितीतरी लहान असलेला मोरोक्कोचा मजूर अली लग्न करतात. एमी आपल्या मोठ्या झालेल्या मुलांना नवऱ्याची ओळख करून द्यायला बोलावते. सगळे रांगेत बसलेत. कुणी बोलत नाही. मग एक मुलगा उठतो आणि लाथ घालून तिचा टीव्ही फोडतो. दिग्दर्शक ना संगीत वाढवतो, ना कुणाला भाषण देतो. पुढे हीच मुलं, हेच शेजारी, हाच दुकानदार आपापल्या गरजेपुरते परत गोड होतात, आणि ते जास्त बोचतं. धर्माचा शब्द नाही; पण परक्याला दारात कसं वागवतो हा प्रश्न शुभवर्तमानातला आहे आणि तो सिनेमाच्या भाषेत विचारलेला आहे.

आता निकष. पहिला कलात्मक दर्जा, आणि तो सगळ्यांत आधी येतो. दुसरा, माणसाची प्रतिष्ठा जपणारी दृष्टी. न्याय, शांतता, समेट, दुर्बळांशी आणि अल्पसंख्याकांशी बांधिलकी, सृष्टीची काळजी अशी मूल्यं चित्रपटात जिवंत असणं, किंवा त्याने या मूल्यांवर विचार करायला भाग पाडणं. शेवटचा शब्द महत्त्वाचा: उत्तर दिलंच पाहिजे अशी अट नाही, प्रश्न प्रामाणिक हवा. तिसरा निकष असा, की चित्रपट आपल्या मातीतला असावा आणि तरीही दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाला त्या मातीची भाषा आणि प्रतिमा समजून घ्यायला मदत करणारा असावा. कानच्या ज्युरीच्या जाहीर भूमिकेत माणसाच्या जखमा, त्याच्या उणिवा आणि त्याच्या आशा यांतून त्याची खोली दाखवण्याची सिनेमाची ताकद, अशा आशयाची मांडणी येते. जखमा आणि उणिवा आशेच्या आधी येतात, हे ध्यानात ठेवलं की कौलांचा अंदाज बांधता येतो.

मग रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्कीला कानला हा पुरस्कार तीनदा का मिळाला (‘स्टॉकर’ १९८०, ‘नॉस्टाल्जिया’ १९८३, ‘द सॅक्रिफाइस’ १९८६) हे समजतं. आणि १९९९ मध्ये तो आल्मोदोवारच्या ‘ऑल अबाउट माय मदर’ला का गेला, हेही. त्यात एचआयव्ही झालेली गरोदर नन आहे, ट्रान्सजेंडर पात्रं आहेत, मुलगा गमावलेली आई आहे. कुणाचाही न्यायनिवाडा न करता सगळी एकमेकांना सांभाळतात. मुस्लिम समाजातून आलेल्या कितीतरी दिग्दर्शकांचीही नावं या यादीत आहेत: कानला मोहसेन मखमलबाफ २००१ मध्ये, अब्देररहमान सिसाको २०१४ मध्ये, मोहम्मद रसूलोफ २०२४ मध्ये, असगर फरहादींना तर २०११ साली बर्लिनला आणि २०१३ साली कानला. दिग्दर्शकाचा धर्म विचारला जात नाही. विचारला असता तर यादी अशी दिसली नसती.

आता कामाची पद्धत, कारण पुरस्काराचे गुणदोष तिथेच ठरतात.

कानला ही ज्युरी सहा जणांची असते आणि दरवर्षी बदलते. देश वेगवेगळे, सिग्निस आणि इंटरफिल्म दोन्हींचा वाटा. बर्लिनमध्येही सहाच. पाद्री-रेव्हरंड असतात, पण समीक्षक, प्राध्यापक, शिक्षक, माहितीपट करणारे अशी संसारी मंडळीही भरपूर. अट म्हणजे सिनेमाची जाण आणि दुसऱ्याच्या श्रद्धेबद्दल मोकळं मन. चर्चचा प्रतिनिधी म्हणून आदेश घेऊन कुणी येत नाही. प्रत्येकजण आपल्या डोळ्यांनी पाहतो. व्हॅटिकनला किंवा कुठल्या बिशपांना निकाल आधी दाखवून संमती घ्यायची, असला प्रकार नाही. ‘तेओरेमा’ची भानगड होऊ शकली ती त्यामुळेच.

कानच्या मुख्य स्पर्धेत साधारण वीस-बावीस चित्रपट असतात आणि महोत्सव बारा दिवसांचा. दिवसाला दोन चित्रपट म्हणजे सोपं वाटेल. पण पहिला खेळ सकाळी साडेआठला, त्याआधी रांग, सुरक्षा तपासणी, दोन-अडीच तासांचा चित्रपट, बाहेर येऊन जेमतेम कॉफी, पुन्हा रांग. चित्रपट सरासरी सव्वादोन तासांचा धरला तर नुसते स्पर्धेतले बावीस पाहायला पन्नास तास लागतात. चर्चेचा वेळ वेगळा. म्हणून अनुभवी ज्युरी शेवटच्या दिवसाची वाट पाहत नाही. दर दोन-तीन दिवसांनी बसायचं, पाहिलेल्या चार-पाच चित्रपटांवर बोलायचं, यादीत ठेवायचे ते ठेवायचे, बाकीचे तिथेच सोडायचे. हे केलं नाही तर दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचा चित्रपट कुणालाच धड आठवत नाही आणि काल रात्री पाहिलेला विनाकारण मोठा वाटतो. शांत, संथ चित्रपट या चुकीला सगळ्यांत आधी बळी पडतात.

बर्लिनचं गणित आणखी बिकट. तिथे ही ज्युरी तीन विभागांत पुरस्कार देते: मुख्य स्पर्धा, आणि स्पर्धेबाहेरचे पॅनोरमा आणि फोरम. तीन विभागांचे सगळे चित्रपट सहाही जणांनी पाहणं वेळापत्रकात बसतच नाही, त्यामुळे कामाची वाटणी आणि आधीची चाळणी अटळ होते. फोरमचा पुरस्कार मुख्य स्पर्धेपेक्षा थोडा नशिबाचा वाटतो, त्याचं कारण हे.

चर्चेच्या टेबलावर जे चुकतं ते बहुतेक तीन प्रकारचं. पहिला सापळा विषयाचा. निर्वासित, युद्ध, बालमजुरी असा विषय असला की चित्रपटाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्या माणसांनाच ‘नाही’ म्हटल्यासारखं वाटतं, आणि ढोबळ चित्रपट पुढे सरकतो. मूल्यांचा निकष लावणाऱ्या ज्युरीला हा धोका समीक्षकांच्या ज्युरीपेक्षा जास्त, हे उघड आहे. त्यावरचा इलाज जुनाच: ‘विषय बाजूला ठेवा आणि एक दृश्य सांगा’. ज्याला एकही दृश्य नेमकं सांगता येत नाही, त्याला चित्रपट नव्हे, बातमी आवडलेली असते. दुसरा सापळा एकमताचा. सहा जण, तीन-तीनची फळी पडली की दोघांचाही पहिला नसलेला, कुणालाच न खुपणारा तिसरा चित्रपट वर येतो. १९८० मध्ये कानला ‘स्टॉकर’ आणि झानुसीचा ‘कॉन्स्टान्स’ यांना पुरस्कार विभागून दिला गेला. विभागणीवर नाकं मुरडतात खरी, पण दोन ठाम निवडी एका मिळमिळीत निवडीपेक्षा बऱ्या. तिसरी अडचण उपशीर्षकांची. विनोद, शिवी, जातिवाचक टोमणा, बोलीतला फरक, यातलं निम्मं सपाट इंग्रजीत हरवतं. कोल्हापुरी आणि पुणेरी बोलण्यातला ताण ज्या मराठी चित्रपटात कथेचा कणा असेल, तो चित्रपट परदेशी परीक्षकाला अर्धाच पोचतो. उपशीर्षकं शेवटच्या आठवड्यात घाईने उरकणारे निर्माते इथे आपणच आपलं नुकसान करून घेतात.

निर्णय झाला की काम संपत नाही. कारण लिहायचं असतं: तीन-चार वाक्यांची प्रशस्ती, सहा जणांना मान्य होईल अशी. ती बहुतेक वेळा दमलेल्या अवस्थेत, निकाल जाहीर करण्याची वेळ डोक्यावर असताना लिहिली जाते, आणि अनेकदा तशी दिसतेही. ‘मानवी मूल्यांचा गौरव करणारा’ छापाची प्रशस्ती कुठल्याही चित्रपटाला चिकटवता येते. चांगल्या प्रशस्तीत त्या चित्रपटातलं पात्र असतं, कॅमेऱ्याने केलेली एखादी गोष्ट असते. चर्चच्या पुरस्काराची बातमी वाचताना नुसतं नाव वाचून थांबू नये. ही प्रशस्ती शोधून वाचावी, पुरस्काराचा खरा ऐवज तोच असतो. मुख्य पुरस्काराशिवाय ‘विशेष उल्लेख’ही देता येतो. १९५६ मध्ये ‘पथेर पांचाली’ला मिळाला तो हाच, त्यामुळे त्याला ‘ओसीआयसी पुरस्कार जिंकला’ म्हणणं जरा जास्तच.

स्वतंत्र ज्युरींचे निकाल मुख्य पारितोषिकांच्या आधी जाहीर होतात. पत्रकार त्यावरून पाम द’ऑरचा अंदाज बांधू पाहतात. कधी जुळतं: ‘पॅरिस, टेक्सस’ (१९८४), ‘सीक्रेट्स अँड लाइज’ (१९९६) यांना कानला दोन्ही मिळाले, बर्लिनमध्ये तर ‘सेंट्रल स्टेशन’, ‘अ सेपरेशन’, ‘फायर अ‍ॅट सी’, ‘ऑन बॉडी अँड सोल’ असे सुवर्ण अस्वलाचे कितीतरी मानकरी एक्युमेनिकल ज्युरीनेही निवडले होते. पण दोन्ही ज्युरींचा एकमेकींशी संबंध नसतो. जुळलं तर योगायोग, किंवा चित्रपटच तसा.

या ज्युरीच्या हातून झालेली सगळ्यांत गाजलेली चूक २००९ची, आणि माझ्या मते ती चूकच. त्या वर्षी कानला पुरस्कार केन लोच यांच्या ‘लुकिंग फॉर एरिक’ला दिला, ते ठीक. पण त्याबरोबर लार्स फॉन ट्रिअरच्या ‘अँटीख्राइस्ट’ला चक्क एक ‘विरोधी पुरस्कार’ही जाहीर केला, चित्रपट स्त्रीद्वेष्टा आहे म्हणून. महोत्सवाचे प्रमुख निवडकर्ते थिएरी फ्रेमो भडकले. हा निर्णय हास्यास्पद आहे आणि सेन्सॉरशिपची मागणी करण्याच्या जवळ जातो, असं त्यांनी जाहीरपणे सुनावलं. त्याच चित्रपटातल्या भूमिकेसाठी अधिकृत ज्युरीने शार्लोट गेन्सबूर्गला सर्वोत्तम अभिनेत्री ठरवलं. स्त्रीद्वेषाचा आरोप चर्चेला घेण्यासारखा होता, त्यावर लेख लिहिता आला असता. पण ज्युरीच्या आसनावरून निषेधाचा शिक्का मारला की १९३६चा पहारेकरी परत दारात उभा राहतो, आणि ‘चर्चवाले शेवटी बंदीच घालणार’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं.

पैशांचं काय? कानच्या पुरस्काराचं मोल मानाचं. बर्लिनमध्ये पॅनोरमा आणि फोरम या विभागांतल्या पुरस्कारांना प्रत्येकी २,५०० युरो जोडलेले असत आले आहेत. पॅनोरमाचे जर्मन कॅथलिक बिशपांच्या परिषदेकडून, फोरमचे जर्मनीच्या प्रॉटेस्टंट चर्चकडून. बर्लिनला हॉटेलात राहणाऱ्या चमूची आठवड्याची बिलं पाहिली तर ही रक्कम फार नाही. लोकार्नोची रीत अधिक शहाणी. तिथे बरीच वर्षं २०,००० स्विस फ्रँकचा पुरस्कार होता, स्वित्झर्लंडच्या कॅथलिक आणि रिफॉर्म्ड चर्चनी दिलेला, आणि अट अशी की पैसा चित्रपटाच्या स्वित्झर्लंडमधल्या वितरणासाठी वापरला जावा. महोत्सवात टाळ्या घेऊन परत डब्यात जाणारे चित्रपट शेकड्यांनी असतात. वितरकाला थोडा आधार मिळाला तर तो चार शहरांत खेळ लावतो. जर्मनीत याच्या पुढची साखळीही आहे: चर्चची माध्यम-केंद्रं असे चित्रपट शाळांना, पॅरिशना (गावोगावच्या चर्चच्या मंडळींना), चर्चागटांना दाखवण्याच्या हक्कांसह पुरवतात. आपल्याकडच्या फिल्म सोसायटीच्या कामासारखंच ते, फक्त मागे पक्की यंत्रणा.

मराठी चित्रपट घेऊन युरोपात जाणाऱ्याने काय करायचं? स्वतंत्र अर्ज करायचा नसतो. महोत्सवाकडे चित्रपट पाठवायचा. ज्या विभागात निवड झाली तो विभाग या ज्युरीच्या कक्षेत असेल तर चित्रपट आपोआप विचारात घेतला जातो. शुल्क नाही, शिफारस नाही. कुणी ‘एक्युमेनिकल पुरस्कारासाठी नोंदणी फी’ मागत असेल तर समजून जावं. विभाग मात्र आधीच तपासावा. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला २०१४ मध्ये बर्लिनला क्रिस्टल अस्वल मिळालं ते मुलांच्या चित्रपटांच्या जनरेशन विभागात, बाल-ज्युरीकडून. त्या विभागाकडे चर्चची ज्युरी पाहत नाही, त्यामुळे तो पुरस्कार ‘किल्ला’च्या वाट्याला येणं नियमातच नव्हतं. कानमध्येही स्पर्धेबाहेर किंवा बाजारात दाखवलेला चित्रपट या शर्यतीत नसतो. ‘कानला दाखवला’ आणि ‘कानच्या स्पर्धेत होता’ यांत मुंबई-पुण्याएवढं अंतर आहे, जाहिराती काहीही म्हणोत.

महोत्सवाच्या बाहेरच्या संस्थेने दिलेला पुरस्कार आपल्याला तसा नवा नाही. गोव्याच्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) युनेस्कोशी संलग्न आयसीएफटी ही संस्था गांधी पदक देते, आणि २०१७ मध्ये ते ‘क्षितिज’ या मराठी चित्रपटाला मिळालं होतं. इफ्फीच्या मुख्य पारितोषिकाची, सुवर्ण मयूराची, ज्युरी वेगळी, गांधी पदकाची वेगळी. पोस्टरवर पानांची माळ काढून आत नाव लिहिताना हा फरक पाळायला हवा. ‘बर्लिन पुरस्कार विजेता’ असं मोघम लिहिण्यापेक्षा महोत्सव, वर्ष, विभाग, ज्युरी या क्रमाने लिहावं. ‘दो आँखें बारह हाथ’पुरतं बोलायचं तर: आठवा बर्लिन महोत्सव, १९५८, मुख्य स्पर्धा, अधिकृत ज्युरीचं रौप्य अस्वल, आणि ओसीआयसी, म्हणजे कॅथलिक चित्रपटसंस्थेच्या ज्युरीचा पुरस्कार.